लिएजचा शिक्का : गोमंतकातील जुन्या काडतुसाच्या बंदुका आणि त्यांचे कर्ते

ग्रंथालयात नवे पुस्तक आले की वाचकाच्या हाती जाण्यापूर्वी त्याला दाखल क्रमांक मिळतो. पुस्तकाचे मुखपृष्ठ गळून पडले, लेखकाचे नाव वाळवीने खाल्ले, तरी त्या क्रमांकावरून जुन्या नोंदवहीत त्याचा माग काढता येतो. बंदुकीलाही असा दाखल क्रमांक असतो. तो वरून दिसत नाही. दुनळी बंदुकीचे पुढचे लाकूड काढून नळ्या सोडवल्या आणि उलट्या धरल्या, म्हणजे त्यांच्या पोटाच्या सपाट भागावर तांदळाच्या दाण्याएवढे काही शिक्के दिसतात. एक लंबवर्तुळ, त्यात रोमन लिपीतील ई, एल, जी ही तीन अक्षरे, खाली एक तारा. शेजारी एक लहानसा खांब. आणखी एखादे सुटे अक्षर. पेडणे आणि डिचोली महालांतील एखाद्या जुन्या घरात खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर काढलेली, ‘इंग्रजी बंदूक’ म्हणून मान पावलेली दुनळी या शिक्क्यांसह निघाली, तर तिचे जन्मगाव इंग्लंडात नाही, बेल्जियममधील लिएज शहरात आहे, असे निःशंकपणे सांगता येते.

या शिक्क्यांचे वाचन हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. तो शस्त्रांच्या शौकिनांपुरता वाटेल. परंतु गोमंतकाच्या इतिहासातील एक मोठा आणि काहीसा विसरलेला प्रश्न त्यात गुंतलेला आहे. एके काळी ज्या भूमीतील लोहारांच्या बंदुकांची वाखाणणी युरोपच्या राजदरबारापर्यंत पोचली, त्या भूमीत तीन-साडेतीनशे वर्षांनी परदेशी कारखान्याची बंदूक का यावी? आणि लिएजच्या कारागिरांची नावे आज सांगता येतात, तशी गोव्याच्या कारागिरांची का सांगता येत नाहीत?

प्रथम शब्दांचा उलगडा करून घेणे सोयीचे होईल. कोकणात आणि गोव्यात बंदुकीचे दोन प्रकार सर्वांच्या तोंडी असतात : ठासणीची आणि काडतुसाची. ठासणीच्या बंदुकीत दारू, तिच्यावर बोळा, त्यावर छर्रे किंवा गोळी हे सारे नळीच्या तोंडातून घालावे लागते आणि गजाने ठासावे लागते. मागच्या बाजूस केप बसवली की बार काढण्यास बंदूक सिद्ध. हे सर्व उभ्याने करायचे, आणि तेही समोर रानडुक्कर असताना. पावसाळ्यात तर या बंदुकीची फारच दैना होई. आषाढात डिचोलीच्या डोंगरांत ज्या प्रकारचा पाऊस कोसळतो त्यात दारू कोरडी ठेवणे हेच मुळी एक कसब होते. काडतुसाच्या बंदुकीत दारू, छर्रे आणि केप एकाच कवचात भरलेली असतात आणि ते कवच नळीच्या मागच्या तोंडातून आत सरकवायचे असते. नळ्या बिजागरीवर खाली झुकतात, काडतूस बसते, नळ्या मिटतात. पिछाडीने भरायची बंदूक ती हीच.

पिछाडीने भरण्याची कल्पना मात्र एकोणिसाव्या शतकातील नव्हे. पोर्तुगीजांची जहाजे पश्चिम किनाऱ्यावर आली तेव्हा त्यांच्या कठड्यांवर ‘बेर्सो’ नावाच्या लहान फिरत्या तोफा बसवलेल्या होत्या. त्यांत दारूचे वेगळे भांडे असे. ते मागून बसवायचे, पाचर ठोकायची आणि बार काढायचा. तोवर दुसरे भांडे भरून तयार ठेवायचे. म्हणजे तत्त्व ठाऊक होते. अडचण होती ती गळतीची. भांडे आणि नळी यांच्या सांध्यातून पेटता वायू बाहेर पडे. त्यामुळे जोर कमी होई आणि गोलंदाजाचा चेहरा भाजण्याचा धोका राही. हातातल्या बंदुकीत हा सांधा तर थेट डोळ्यापाशी येतो. ही गळती थांबवण्याचा उपाय अखेर काडतुसाच्या कवचातच सापडला. बार होताच कवचाचा पितळी बुडखा वायूच्या दाबाने फुगतो, नळीच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि सांधा बंद करतो. दाब ओसरताच तो पुन्हा आकसतो आणि रिकामे कवच बाहेर काढता येते. पितळेच्या या साध्या गुणावर पुढची सगळी बंदूकविद्या उभी राहिली. पॅरिसचा लफोशे याने १८३० नंतरच्या दशकात नळ्या मोडून भरण्याची बंदूक आणि तिचे काडतूस रूढ केले. त्याच्या काडतुसाच्या बुडाशी एक बारीक पितळी सळई आडवी बाहेर आलेली असे. घोडा त्या सळईवर आपटे. नळीच्या मागच्या कडेला वरच्या अंगास ही सळई बसण्यासाठी खाच दिसली, की ती बंदूक या जातीची समजावी. पुढे केप बुडाच्या मध्यभागी आली आणि खाच नाहीशी झाली.

आता गोव्याकडे. आफोंसो द आल्बुकेर्क याने १५१० साली गोवे जिंकले तेव्हा आदिलशाहीच्या शस्त्रागाराबरोबर तेथील कारागीरही त्याच्या ताब्यात आले. १ डिसेंबर १५१३ च्या पत्रात त्याने राजा दोम मानुएल याला कळवले, की गोव्याचे बंदूककार बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, त्यांच्या नळ्यांचे बूड आट्यांच्या मळसूत्राने बंद केलेले असते; आणि त्यांच्यापैकी एका उस्तादाला त्याने पोर्तुगालला पाठवले. त्या काळी मध्य युरोपातील बंदुका उत्तम गणल्या जात, म्हणून या तुलनेचे वजन मोठे आहे. मळसूत्री बुडाचा उल्लेखही सहज आलेला नाही. नळीचे बूड नुसते ठोकून बसवले तर ते उडण्याची भीती. आट्यांनी बसवले तर ते टिकते आणि साफसफाईसाठी काढताही येते. लोखंडात असे आटे पाडणे हे वरच्या दर्जाचे काम आहे.

गोव्यातील या धाटणीच्या तोड्याच्या बंदुका पोर्तुगीजांबरोबर सिंहलद्वीपापासून मलाक्क्यापर्यंत पसरल्या. १५४३ साली तानेगाशिमा बेटावर जपान्यांनी जी बंदूक प्रथम पाहिली तिचा चापही याच घराण्यातला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पाते फिरंग्याचे आणि मूठ आपल्या धाटणीची अशा तलवारीला मराठीने ‘फिरंग’ हे नाव दिले. बंदुकीच्या बाबतीत देवघेव उलट दिशेनेही झाली होती, ही गोष्ट मराठी वाचकाला तितकीशी परिचित नाही. परंतु आल्बुकेर्कच्या पत्राचा जो भाग इतिहासकार वारंवार सांगतात त्यात कसबाची स्तुती आहे, उस्तादाचे नाव नाही. जहाजावर चढून तो हजारो कोसांवर गेला तो ‘गोव्याचा एक उस्ताद’ म्हणूनच. एल्याच्या शस्त्रागारात नंतर दोन-अडीच शतके तोफा ओतल्या गेल्या, बंदुका दुरुस्त झाल्या, दारू कुटली गेली. पण शहराला रोगराईने ग्रासले, वस्ती उठली, सत्तेचे ठाणे पणजीला गेले आणि शस्त्रागाराला उतरती कळा लागली. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालचे सरकारच आपल्या फौजेसाठी बंदुका ऑस्ट्रियात आणि बेल्जियममध्ये घेऊ लागले. मग गोव्याच्या लोहाराला कोण विचारणार?

लिएजची कथा याच्या नेमकी उलट आहे. म्यूज नदीच्या काठचे हे शहर. आसपास दगडी कोळसा, लोखंड आणि पाणचक्क्यांना पुरेल असे ओढ्यांचे पाणी. शेकडो वर्षे तेथे बिशपाचे राज्य होते. तो एकाच वेळी धर्मगुरूही आणि राजाही. मोठ्या राज्यांच्या झगड्यांत हे चिमुकले राज्य होता होईल तो तटस्थ राही, आणि तटस्थाचा एक फायदा असा की दोन्ही पक्षांना शस्त्रे विकता येतात. हा व्यवहार नीतीच्या तराजूत कसा उतरतो ते सांगण्याची गरज नाही; धंद्याच्या दृष्टीने मात्र त्याने शहराचे भाग्य उजळले. बेल्जियम हे राष्ट्र १८३० साली जन्मले. त्यामुळे त्यापूर्वीच्या लिएजच्या बंदुकीला ‘बेल्जियन’ म्हणणे काटेकोरपणे बरोबर नाही, पण ती चूक आता रूढ झाली आहे.

१० मे १६७२ रोजी तेथील राजा-बिशप मॅक्सिमिलियन हेन्री याने हुकूम काढला, की नळ्यांची परीक्षा झाल्यावाचून त्या विकल्या जाऊ नयेत. परीक्षा अशी : नेहमीपेक्षा जास्त दारू भरायची आणि बार काढायचा, नळी फुटली नाही, फुगली नाही, तर तिच्यावर शिक्का ठोकायचा. नेपोलियनच्या अमलात, १८१० च्या डिसेंबरात, या परीक्षेची घडी नव्याने बसवली गेली आणि ई, एल, जी या अक्षरांचा शिक्का रूढ झाला. त्याचा अर्थ ‘लिएजची परीक्षा’. शेजारच्या खांबाला तेथे ‘पेराँ’ म्हणतात. तो लिएजच्या बाजारपेठेतील स्तंभ, शहराच्या स्वातंत्र्याचे चिन्ह. १४६७ साली बर्गंडीच्या चार्ल्सने शहराचा पाडाव केला तेव्हा हा खांब उचलून ब्रूजला नेला होता आणि १४७८ मध्ये तो परत आला. शहराची मानखंडना करायची तर खांब न्यावा, इतके त्याचे महत्त्व. तोच खांब पुढे लाखो बंदुकांच्या पोटावर बारीक होऊन जगभर गेला.

लिएजचा कारखाना म्हणजे एका छपराखालचे यंत्रगृह, अशी कल्पना केली तर ती चुकीची ठरेल. एकोणिसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात तेथील बंदूक घरोघरी तयार होत असे. वेस्द्र नदीच्या खोऱ्यात, नेसोंव्होसारख्या गावांत नळ्या घडत. दुसऱ्या गावी चाप, तिसऱ्या ठिकाणी अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते, चौथीकडे नक्षीकाम. पाठीवर टोपल्या घेतलेल्या बाया हे सुटे भाग या घरातून त्या घरात पोचवीत. ज्याचे नाव बंदुकीवर कोरलेले असे तो ‘कारखानदार’ पुष्कळदा या सगळ्यांना काम वाटून देणारा आणि शेवटी जुळवून घेणारा व्यापारी असे. डिचोलीच्या समईकडे पाहिले की ही पद्धत समजण्यास कठीण जात नाही. समईवर कासाराचे नाव नसते. ती बाजारात ओळखली जाते ती गावाच्या नावाने. फरक एवढाच, की लिएजमध्ये गावाने आपल्या नावाचा शिक्का केला, तो कायद्याने सक्तीचा केला आणि त्याच्या नोंदी जपून ठेवल्या. नळीकाराची आद्याक्षरेही नळीच्या पोटावर, शिक्क्यांच्या शेजारी, पुष्कळदा सापडतात.

वेस्द्रच्या नळ्यांचे वैशिष्ट्य त्यांच्या अंगावरील वेलबुट्टीसारख्या रेषांत आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र तापवून, पिळून, त्यांची एक फीत करायची आणि ती सळईभोवती गुंडाळून घणाने जोडायची. नंतर आम्लाने धुतले की पिळाचे नक्षीदार थर उमटतात. या नळ्यांना दमिश्की म्हणत. इंग्लंडमधील नामांकित बंदूककारही अशा नळ्या बेल्जियमहून घेत, ही गोष्ट तेथील जाहिरातींत अर्थातच येत नसे.

कर्त्यांपैकी काहींची ओळख करून घेतली पाहिजे. ओग्युस्त फ्रांकॉत यांच्या पेढीचे चिन्ह म्हणजे मुकुटाखाली ए आणि एफ ही अक्षरे. मार्टिनी पद्धतीच्या रायफलीत त्यांनी केलेली सुधारणा नावाजली गेली आणि ऑस्ट्रेलियातील शाळकरी कॅडेटांच्या हाती त्यांच्या लहान रायफली गेल्या. ह्युबेर काँब्लँ यांची खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची रायफल बेल्जियमच्या नागरी रक्षक दलाने घेतली आणि ब्राझीलच्या सैन्यानेही. एमिल आणि लेओं नागाँ या बंधूंचे नाव रशियाच्या १८९१ च्या रायफलीला आणि १८९५ च्या सात बारी रिव्हॉल्व्हरला जोडले गेले. हेन्री पीपर हा मूळचा जर्मन. त्याने यंत्रांवर सुटे भाग करण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर अवलंबिली आणि हातकामाच्या गावात मोठा कारखानदार ठरला. त्याच्या पेढीचे ‘बायार्ड’ हे छाप घोडेस्वाराच्या चित्राने ओळखू येते. १८८९ साली बेल्जियम सरकारला दीड लाख माऊझर रायफली हव्या होत्या. एवढे काम एकट्याला झेपणारे नव्हते, म्हणून लिएजच्या कारखानदारांनी मिळून शेजारच्या हेर्स्ताल गावी राष्ट्रीय शस्त्रनिर्मिती कंपनी काढली. तिची एफ.एन. ही अक्षरे पुढे जगप्रसिद्ध झाली. अमेरिकन शोधक जॉन ब्राउनिंग याच कंपनीशी जोडला गेला. त्याचे देहावसानही २६ नोव्हेंबर १९२६ रोजी हेर्स्तालच्या कारखान्यातच झाले. स्वतंत्र भारताच्या जवानाने अनेक वर्षे खांद्यावर वागवलेली एस.एल.आर. रायफल मूळ याच कंपनीच्या रचनेवरून इशापूरला तयार होऊ लागली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

गोव्याचा लिएजशी सरकारी संबंध जुळतो तो एका रिव्हॉल्व्हरच्या निमित्ताने. पोर्तुगीज लष्कराने १८७८ साली आपल्या अधिकाऱ्यांसाठी आणि १८८६ साली इतर दर्जाच्या सैनिकांसाठी जी रिव्हॉल्व्हरे स्वीकारली ती लिएजमध्ये बनलेली, ‘आबादी’ पद्धतीची होती. मराठी कानाला हे नाव गमतीचे वाटेल; तो शोधकर्त्याच्या आडनावाचा योगायोग आहे. या रिव्हॉल्व्हरची खुबी तिच्या झडपेत होती. काडतुसे भरण्यासाठी बाजूची झडप उघडली की घोडा आपोआप निकामी होई. मग चाप ओढला तरी केवळ गोल चक्र फिरे, बार होत नसे. घाईत, घोड्यावर बसून, किंवा दिव्याच्या उजेडात भरणाऱ्याच्या हातून अपघात होऊ नये म्हणून केलेली ही साधी युक्ती.

या तारखांना गोव्याच्या नकाशावर ठेवले तर त्यांचा अर्थ वाढतो. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे कायमचे गेले. सावंतवाडकर भोसल्यांच्या हातून सुटलेल्या या नव्या काबिजादींत शस्त्र बाळगणारी घराणी होती, आणि त्यांना आपल्या वतनांचा अभिमान होता. साखळी हे राण्यांचे ठिकाण डिचोली महालातले. २६ जानेवारी १८५२ रोजी दिपाजी राणे यांनी सत्तरीतील नाणूस किल्ला घेतला, तेव्हा जगातील बहुतेक फौजा तोंडाने भरायच्याच बंदुका वापरीत होत्या. सरकारी शिपाई आणि राणे यांच्या हत्यारांत जातीचा फरक नव्हता. ज्याला रान ठाऊक, त्याचे पारडे जड. हा लढा तीन वर्षे टिकला, याचे एक कारण यात शोधता येईल. सप्टेंबर १८९५ मध्ये आफ्रिकेत जाण्यास नकार देऊन मराठा शिपायांनी बंड केले, ते नाणूसला गेले आणि दादा राणे त्यांचे पुढारी झाले. तोवर काळ पालटला होता. पोर्तुगीज फौजेचे १८८६ चे क्रोपाचेक रायफल हे हत्यार ऑस्ट्रियात बनलेले, पिछाडीने भरायचे, एका दमात अनेक बार काढणारे. राजपुत्र आफोंसो पोर्तुगालहून फौज घेऊन आला. शौर्य दोन्ही वेळी तेच होते. पण १८५२ आणि १८९५ यांच्या मध्ये पितळेचे काडतूस उभे होते. शिक्षा होऊन दादा राणे तिमोरला धाडले गेले. इतिहासाच्या पुस्तकांत या बंडांची कारणे सविस्तर येतात, हत्यारांचा विचार क्वचित येतो, आणि ही उणीव भरून निघणे आवश्यक आहे.

शिकारीची आणि शेतराखणीची दुनळी हा मात्र वेगळा प्रवाह. लिएजने राजेरजवाड्यांसाठी सोन्याची वेलबुट्टी काढलेल्या बंदुका केल्या, आफ्रिकेच्या व्यापारासाठी विसाव्या शतकापर्यंत चकमकीच्या स्वस्त बंदुकाही केल्या, आणि यांच्या मध्ये बसणाऱ्या, सामान्य जमीनदाराला परवडतील अशा काडतुसाच्या बंदुका तर अगणित केल्या. यांतील काहींवर खरेदीदाराच्या समजुतीसाठी इंग्रजी वळणाची नावे कोरलेली असत. वेस्टली रिचर्ड्स या विख्यात पेढीचा भास व्हावा म्हणून नुसते ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’; लंडनच्या मँटन घराण्याचा भास व्हावा म्हणून ‘जे. मँटन’. वर असे नाव आणि नळीच्या पोटावर पेराँ! नावाने खोटे बोलावे आणि शिक्क्याने खरे सांगावे, असा हा प्रकार. मालकाचा त्यामुळे थोडा विरस होईल, परंतु चांगली बेल्जियन बंदूक सुमार इंग्रजी बंदुकीपेक्षा कमी प्रतीची असते, हा समज काढून टाकलेला बरा.

शिक्क्यांवरून काळ कसा ठरतो ते आता पाहू. लंबवर्तुळावर मुकुट नसेल तर नळीची परीक्षा जुलै १८९३ पूर्वीची. मुकुट असेल तर नंतरची. परीक्षकाचे सुटे अक्षर मुकुटाखाली असेल तर १८५३ ते १८७७ हा काळ, ताऱ्याखाली असेल तर १८७७ नंतरचा. लहान लिपीतील वर्षाक्षर १९२२ पासून सुरू होते, आणि ‘ए’ हे त्या पहिल्या वर्षाचे. चौकटीच्या आकारात १२ आणि सी असे असेल तर ती बारा बोअरची, म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यांतील एक जिच्यात बसेल अशी नळी. काही नळ्यांवर फ्रेंचमध्ये ‘नों पूर बाल’ असे शब्द आढळतात. अर्थ एवढाच, की नळीचे तोंड आवळलेले आहे, हिच्यातून एकेरी गोळी सोडू नये, छर्रेच सोडावेत. सिंहाच्या खाली पी आणि व्ही ही अक्षरे असतील तर नळीची परीक्षा धूर न करणाऱ्या नव्या, जलाल दारूने झालेली आहे.

या शेवटच्या खुणेचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते नाही. पिळाच्या जुन्या नळ्या काळ्या दारूच्या दाबासाठी घडवलेल्या होत्या. त्यांत आजचे बाजारातले काडतूस घालून बार काढला तर नळी फाटू शकते, आणि ती फाटते बहुधा डाव्या हाताच्या पंज्यापाशी. पट्ट्यांच्या जोडांत शंभर वर्षांचा गंज आतल्या आत पसरलेला असतो, तो बाहेरून दिसत नाही. सिंह नसलेली, नक्षीदार नळ्यांची बंदूक पूजेत ठेवावी, भिंतीवर ठेवावी, उडवू नये.

दस्ताही बोलका असतो. मूळ दस्ता अक्रोडाचा. तो जाऊन शिसवीचा बसवलेला दिसला, चापाच्या पट्टीचा एखादा खिळा वेगळ्या आट्यांचा दिसला, तर नंतरच्या कुणा स्थानिक सुताराचा आणि लोहाराचा हात तेथे लागला, असे समजण्यास जागा आहे. फिरंगेच्या पात्याला इथली मूठ लागावी तसाच हा संयोग. म्हणून जुनी बंदूक ‘मूळ रूपात’ आणण्याच्या हौसेने असे दस्ते काढून टाकणे योग्य नव्हे.

हे वाचन आता निकडीचे झाले आहे, याला कायद्याचे कारण आहे. गोवा मुक्त झाल्यावर १९५९ चा भारतीय शस्त्र कायदा येथे लागू झाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपत गेली आणि बंदुकीच्या परवान्यामागे शेतराखण आणि आत्मरक्षण ही कारणे उरली. एका परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका ठेवता येत; डिसेंबर २०१९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आली, आणि वारशाने आलेल्या हत्यारांनाही ती मर्यादा लागू झाली. जास्तीचे हत्यार वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे होते. ज्या घरात आजोबांची, वडिलांची आणि चुलत्यांची अशा तीन बंदुका, तेथे कोणती द्यायची, हा प्रश्न उभा राहिला. साहजिकच कामाची ठेवली जाते आणि जुनी, सांधा सैल झालेली, काडतूस न मिळणारी बंदूक बाहेर पडते. इतिहासाच्या दृष्टीने बहुधा तीच मोलाची असते.

कायद्याने या बाबतीत दार पुरते बंद केलेले नाही. शस्त्र कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमानुसार जुन्या पद्धतीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले, आणि दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे हत्यार कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. जी बंदूक उडू शकते तिला मात्र वय कितीही असले तरी परवाना लागतो. दुसरीकडे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा अधिक जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते. ही शंभर वर्षे कशी सिद्ध करायची? खरेदीची पावती तर उरलेली नसते, आणि परवान्यावर बहुधा ‘दुनळी, बारा बोअर’ एवढेच लिहिलेले आढळते. अशा वेळी १८९३ चा मुकुट आणि १८७७ चा तारा हेच साक्षीदार उरतात.

लिएज शहराने आपल्या शस्त्रांचे संग्रहालय १८८५ साली उभे केले. २००९ पासून तो संग्रह ग्रां कुर्तियस या मोठ्या वस्तुसंग्रहालयात आहे. परीक्षागृहाच्या चिन्हांच्या याद्या छापलेल्या आहेत. त्यांच्याशी ताडून पाहण्यास पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या घरातून लागते ती सामग्री अगदी थोडी आहे. परवान्याच्या कागदपत्रांसह, बंदूक रिकामी असल्याची जाणत्याकडून खात्री करून घेऊन, नळ्या सोडवायच्या. पोटावरील शिक्के मऊ कापडाने, थोड्या तेलाने पुसायचे. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही, कारण गंजाबरोबर अक्षरेही जातात. पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासली की शिक्क्यांचा ठसा उमटतो. त्या कागदावर नळीची लांबी, दस्त्याचे लाकूड, कोरलेले नाव, आणि ती घरात कुणाच्या काळी आली याविषयी घरातील वडीलधारी सांगतील ते लिहावे. जमा करायच्या बंदुकीचा ठसा ती पोलीस ठाण्यात जाण्यापूर्वी घ्यावा. अशा कागदांसाठी ग्रंथालयाच्या कपाटात एक जाड फाईल पुरेल. पहिल्याच दहा-वीस कागदांत वेस्द्रच्या खोऱ्यातील एखाद्या नळीकाराची आद्याक्षरे आणि, त्यांच्याच शेजारी दस्त्याच्या आतल्या बाजूला कोरलेली, मराठीतील कुणा सुताराची आद्याक्षरे सापडणे अशक्य नाही.